काटेमाठ कसा ओळखावा आणि कुठे शोधावा

आषाढातल्या पावसाने जमीन चांगली भिजली की गोठ्याच्या मागच्या बाजूला, उकिरड्याभोवती, गावठाणातल्या पडक्या घरांच्या जोत्यांवर आणि शहरात मोकळ्या पडलेल्या प्लॉटवर माठाच्या जातीची एक वनस्पती माजू लागते. लांबून ती भाजीच्या माठासारखीच दिसते: खोडावर तांबूस झाक, लांब देठांची पाने, शेंड्याला हिरवट तुरे. जवळ जाऊन झाडात हात घातला की पानांच्या बुडाशी लपलेले काटे बोटांत शिरतात. हा काटेमाठ, म्हणजेच काटेरी माठ. ज्यांनी आजवर एकही वनस्पती भिंगाखाली धरून पाहिलेली नाही अशा वाचकांना तो खात्रीने ओळखता यावा आणि तो कोणत्या जागी भेटेल याचा आधीच अंदाज बांधता यावा, यासाठी हा लेख लिहिला आहे. ओळख आणि जागा या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र सांगणार आहे, कारण या वनस्पतीच्या बाबतीत झाड पाहून जमिनीचा स्वभाव कळतो आणि जमीन पाहून झाडाची अपेक्षा धरता येते.

नावाविषयी थोडे. शास्त्रीय नाव अमरँथस स्पायनोसस. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ते प्रसिद्ध केले. पहिला शब्द ‘न कोमेजणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे आणि दुसऱ्याचा अर्थ काटेरी असा आहे. तुरे वाळले तरी त्यांचा आकार आणि बराचसा रंग टिकून राहतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला पहिले नाव पटते. मूळ ठिकाण उष्ण कटिबंधातील अमेरिका. तिथून ही वनस्पती जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरली आणि आपल्याकडे तर ती इतकी रुळली की परकी वाटतच नाही. भाजीचा माठ, लाल माठ आणि उपवासाचा राजगिरा हे सगळे याच प्रजातीतले तिचे भाऊबंद आहेत.

पहिली पायरी: सामान आणि वेळ

दहा पट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, पंधरा सेंटिमीटरची फुटपट्टी, पांढरा कोरा कागद, पेन्सिल, वही आणि जाड कापडाचे किंवा चामड्याचे हातमोजे एवढे पुरते. पातळ रबरी मोजे नेऊ नयेत, कारण काटे त्यातून सहज आरपार जातात. पेन्सिल अशासाठी की पावसात शाई पसरते आणि संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःच केलेली नोंद वाचता येत नाही.

जाण्याची उत्तम वेळ श्रावण ते कार्तिक. ज्येष्ठ-आषाढात उगवलेली रोपे श्रावणाअखेर तुऱ्यावर आलेली असतात, भाद्रपद-आश्विनात एकाच झाडावर फुले, फळे आणि पिकलेले बी असे तिन्ही सापडते, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून चांगली अवस्था नाही. काटेमाठ एकाच हंगामात उगवतो, फुलतो, बी टाकतो आणि वाळतो. तरीही ओलिताच्या शेतात, नळाच्या सांडपाण्याजवळ किंवा नगरपालिकेच्या बागेच्या कडेला तो वर्षभर कोणत्या ना कोणत्या अवस्थेत भेटू शकतो, कारण तिथे त्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी पायरी: आधी जमीन वाचावी

नवखा माणूस वनस्पती शोधायला निघतो तेव्हा सरसकट सगळीकडे पाहत जातो आणि लवकर थकतो. काटेमाठाला दोन गोष्टी हव्या असतात: भरपूर ऊन आणि नत्राने समृद्ध, हलवलेली जमीन. या दोन गोष्टी जिथे एकत्र आहेत तिथेच आधी जावे.

उन्हाची गरज का, याचे कारण त्याच्या पानांच्या कामात आहे. मका, ज्वारी आणि ऊस यांच्याप्रमाणे माठाची पानेही सी-४ पद्धतीने कर्बग्रहण करतात. कडक ऊन आणि उष्णता असताना ही पद्धत फार कार्यक्षम ठरते, पण दाट सावलीत तिचा काहीच फायदा होत नाही. म्हणून सह्याद्रीच्या गर्द रानात, आमराईच्या खाली किंवा उभ्या उसाच्या आत खोलवर काटेमाठ शोधू नये. उसाच्या बांधावर, रानातून बाहेर पडणाऱ्या पाणंदीच्या कडेला आणि आमराईच्या कुंपणाबाहेर शोधावा.

दुसरी गरज नत्राची. जिथे शेण, मूत्र, सडलेला पाला किंवा भाजीपाल्याची घाण साठते तिथे हे तण सर्वांत जोमाने वाढते. गोठा, उकिरडा, शेणखताचा ढीग, कोंबड्यांच्या खुराड्याची मागची बाजू, भाजी मंडईच्या भिंतीबाहेरची पट्टी, बैलबाजार भरतो ते मैदान, ही त्याची हक्काची ठिकाणे. शेतात खतासाठी धनगरांची मेंढरे बसवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. अशा शेतात मेंढरे उठल्यावर पहिल्या पावसात जी तणे उगवतात त्यांत काटेमाठ वारंवार असतो. एक कारण लेंडीखताने वाढलेला कस. दुसरे असे की माठवर्गाचे टणक बी जनावराच्या पोटातून बऱ्याच प्रमाणात जिवंत बाहेर पडते आणि खताबरोबरच शेतात पोचते. चांगले न कुजलेले शेणखत शेतात टाकले की माठ ‘आपोआप’ उगवतो असे शेतकरी म्हणतात, त्यामागचा कार्यकारणभाव हाच आहे.

जमीन हलवलेली असणेही महत्त्वाचे आहे. बी बारीक असल्यामुळे ते वरच्या एखाद-दोन सेंटिमीटरच्या थरातूनच नीट उगवते, आणि गवताने दाट झाकलेल्या जमिनीवर त्याला जागा मिळत नाही. कुळवलेले शेत, नव्याने टाकलेला भराव, पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला चर, पूर ओसरल्यावर उघडा पडलेला नदीकाठचा गाळ, रेल्वेच्या रुळांलगतची पट्टी अशा जागा त्याला मानवतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत कापूस आणि सोयाबीनच्या कडेने तो असतो, देशावर भाजीच्या मळ्यांत असतो, कोकणात आणि गोव्यात घराभोवतीच्या परसात आणि भाताच्या बांधावर असतो. भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यात मात्र तो उभा राहत नाही, आणि उघड्या जांभ्या सड्यावर त्याच्या सोटमुळाला शिरायला माती नसते.

वहीत जागेची नोंद करताना केवळ गावाचे नाव लिहून थांबू नये. माती काळी की तांबडी, ऊन दिवसभर की अर्धा दिवस, जवळ शेण किंवा सांडपाणी आहे का, शेजारी कोणती झाडे आहेत, एवढे लिहावे. दहा-बारा नोंदी झाल्या की त्या एकमेकींशी बोलू लागतात.

तिसरी पायरी: दोन पावलांवरून पूर्ण झाड पाहावे

लगेच भिंग काढू नये. आधी झाडाची ठेवण पाहावी. काटेमाठ सरळ उभा वाढतो, साधारणपणे तीस सेंटिमीटर ते एक मीटर उंच, आणि खताच्या जागी त्याहूनही उंच जातो. बुडापासूनच फांद्या फुटत असल्यामुळे तो झुडपासारखा पसरट भासतो. खोड टणक, उभ्या रेघांचे आणि बहुतेक गुळगुळीत असते. रंग हिरव्यापासून गर्द तांबड्यापर्यंत काहीही असू शकतो. मूळ जाड सोटमूळ असते आणि तेही बहुधा लालसर असते.

रंगावर भिस्त ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. एकाच उकिरड्यावर उन्हाकडच्या बाजूचे झाड लालबुंद आणि भिंतीच्या आडोशाचे पोपटी असे मी अनेकदा पाहिले आहे, आणि दोन्ही काटेमाठच होते. ‘लाल देठाचा तो काटेमाठ आणि हिरव्या देठाचा तो साधा’ असे काही जण शिकवतात. ती खूण चुकीची आहे.

चौथी पायरी: पानाचे बेचके

आता मोजे घालावेत, एक फांदी शेंड्याकडून धरून हळूच वाकवावी आणि पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो ते बेचके पाहावे. संपूर्ण ओळख या एका जागी आहे. काटेमाठाच्या बेचक्यात, देठाच्या बुडाशी, दोन काटे असतात: एक डावीकडे, एक उजवीकडे, बैलाच्या शिंगांसारखे एकमेकांपासून दूर गेलेले. ते सरळ, कडक, टोकाला सुईसारखे असतात. लांबी साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर. जोमदार झाडावर त्याहूनही अधिक भरते. कोवळेपणी ते हिरवट-पिवळे आणि मऊ असतात, पुढे गवताच्या काडीच्या रंगाचे आणि टणक होतात. दोन काट्यांच्या मध्ये पुढे फुलांचा लहान गुच्छ किंवा नवी फांदी फुटते.

हे काटे साल ओरबाडल्यावर निघून येत नाहीत. गुलाबाचा काटा अंगठ्याने आडवा दाबला की सालीसकट निखळतो, तसे इथे होत नाही. शास्त्रीय दृष्टीने ही फुलाखालच्या लहान सहपत्रांची बदललेली रूपे आहेत, म्हणूनच ती नेहमी बेचक्यात आणि जोडीने सापडतात. खोडाच्या मधल्या भागावर किंवा पानावर कधीच नाही.

एकच बेचके पाहून निर्णय देऊ नये. खोडाच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या भागांतली निदान पाच बेचकी पाहावीत. शेंड्याकडे काटे कोवळे असतात आणि नजरेतून निसटतात. अशा वेळी नजरेवर न विसंबता पेन्सिलीचे टोक बेचक्यातून फिरवावे, ते अडखळते. बोट फिरवू नये. काही वर्षांपूर्वी आमच्या परसात निंदणी करताना घाईत मोज्यांशिवाय मी एक झाड बुडाशी धरून उपटले, एका काट्याचे टोक मोडून तर्जनीत राहिले आणि पुढचे चार दिवस बोट ठणकत होते. तेव्हापासून कोवळे दिसणारे झाडसुद्धा मी उघड्या हाताने धरत नाही.

पाचवी पायरी: पान

पाने एकाआड एक लागतात, समोरासमोर नाहीत. आकार अंडाकृती ते शंकरपाळीसारखा, लांबी साधारण तीन ते दहा सेंटिमीटर, देठ लांब आणि पुष्कळदा पानाच्या लांबीशी बरोबरी करणारा. कडा अखंड असतात, त्यांना दाते नसतात. पान उलटे केले की फिकट शिरा ठळक उठून दिसतात. पानाचे टोक भिंगाखाली पाहावे: ते बोथट असते आणि तिथे मधल्या शिरेचे केसाएवढे टोक बाहेर आलेले दिसते. कधीकधी पानाच्या मध्यावर उलट्या ‘व्ही’सारखा फिकट किंवा गडद पट्टा असतो. तो सुंदर दिसतो, पण साध्या रानमाठावरही येतो, म्हणून तो ओळखीच्या कामाचा नाही.

सहावी पायरी: तुरा आणि त्यातली फुले

काटे सापडल्यावर ओळख जवळपास पूर्ण झालेली असते, तरीही फुलांपर्यंत जावे, कारण पुढे बिनकाट्याचे माठ ओळखताना हाच सराव कामी येतो. शेंड्याचा तुरा कापून पांढऱ्या कागदावर ठेवावा. एक फूल दोन-तीन मिलिमीटरहून मोठे नसते, त्यामुळे भिंगाशिवाय केवळ हिरवट कोंडा दिसतो.

भिंग डोळ्याजवळ धरावे आणि तुरा भिंगाजवळ आणावा. भिंग तुऱ्याजवळ धरून डोळा लांब ठेवण्याची चूक सगळेच नवखे करतात. आता फुलाभोवतीच्या पातळ, पापुद्र्यासारख्या पाकळ्या मोजाव्यात. त्यांना पाकळ्या म्हणणे शास्त्रशुद्ध नाही, पण मोजायला तो शब्द सोयीचा आहे. काटेमाठात त्या पाच असतात, प्रत्येकीच्या मध्यावर हिरवी रेघ असते. नर फुलात पाच पुंकेसर दिसतात. मादी फुलात टोकाला दोन किंवा तीन केसाळ धागे बाहेर डोकावतात, त्या कुक्षी.

नर आणि मादी फुले एकाच झाडावर असतात, मात्र त्यांच्या जागा वाटून घेतलेल्या असतात. पानांच्या बेचक्यांतले गोल गुच्छ आणि तुऱ्याचा खालचा भाग बहुतांशी मादी फुलांचा, तर तुऱ्याचे टोक नर फुलांचे असते. त्यामुळे आश्विनात तुरा चोळला तर बी बुडाकडून गळते आणि टोकाकडून केवळ भुसा निघतो. मला ही मांडणी या झाडातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते: परागकण वाऱ्याने उडतात, आणि ज्या फुलांना वारा हवा ती सगळ्यांत उंच बसवलेली आहेत.

सातवी पायरी: फळ आणि बी

तुऱ्याच्या खालच्या भागातला वाळलेला गुच्छ कागदावर हलक्या हाताने चोळावा आणि फुंकर घालून भुसा उडवावा. मागे राहते ते बी: काळे किंवा काळपट तांबडे, चकचकीत, मसुरीच्या आकाराचे पण जेमतेम एक मिलिमीटरचे. फळ म्हणजे एका बियाभोवतीची पातळ पिशवी. काटेमाठात ती बहुधा मध्यावर आडवी फाटते आणि वरचा भाग डबीच्या झाकणासारखा निघतो. भुशात अशी सुटलेली झाकणे भिंगाखाली शोधावीत. पहिले झाकण सापडल्याचा आनंद मला अजून आठवतो.

एका जोमदार झाडावर लाखाच्या घरात बी धरू शकते आणि मातीत गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. म्हणून ज्या शेतात हे तण नको आहे तिथे तुरा पिकण्याआधी ते मुळासकट काढणे हाच खरा उपाय आहे. जमिनीलगत विळ्याने कापले तर बुडाच्या पेरांतून आडव्या फांद्या फुटतात आणि झाड बसक्या आकारात पुन्हा फुलावर येते, तेही विळा लागणार नाही इतक्या खाली.

आठवी पायरी: भाऊबंदांपासून वेगळा काढणे

घोटाळा सर्वांत जास्त होतो तो रानमाठाशी, ज्याचे शास्त्रीय नाव अमरँथस विरिडिस आहे. तोही उकिरड्यावर, फुटपाथच्या फटीत आणि परसात वाढतो, आणि पुष्कळदा दोघे एकमेकांना खेटून उभे असतात. रानमाठाला काटे नसतात, पानाच्या टोकाला लहान खाच असते, फुलाच्या पाकळ्या पाचऐवजी तीन असतात आणि फळ झाकणासारखे न उघडता सुरकुतलेलेच गळून पडते. भाजीचा माठ आणि लाल माठ, ज्यांची लागवड होते आणि ज्यातल्या लाल प्रकाराला गोव्यात तांबडी भाजी म्हणतात, त्यांनाही काटे नसतात. त्यांच्या फुलांचे गोळे बेचक्यांत ठळक दिसतात आणि पाकळ्या तीनच असतात. राजगिऱ्याच्या पाकळ्या पाच असतात, पण त्याचे कणीस मोठे आणि भरदार असते, बेचक्यांत काटे नसतात, आणि धान्यासाठी लावलेल्या राजगिऱ्याचे दाणे फिकट पिवळसर असतात.

इथे बोलीतल्या नावांविषयी सावध राहावे. तांदुळजा, पोकळा, चवळई, माठ ही नावे एका जिल्ह्यात एका वनस्पतीला आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्याच वनस्पतीला लावली जातात. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी बाजारात जे माठाचे देठ येतात तेही सगळीकडे एकाच जातीचे नसतात. म्हणून गावातल्या जाणत्या बाईने सांगितलेले नाव आदराने लिहून घ्यावे, कोणत्या गावात ऐकले तेही लिहावे, आणि मग बेचके, पाकळ्या आणि फळ यांवरून स्वतः पडताळावे.

एकाच कुळातले आणखी दोन शेजारी आहेत. आघाड्याची पाने समोरासमोर असतात आणि लांब तुऱ्यावरची फळे खाली वळलेली असून धोतराला किंवा पँटला चिकटतात. गणपतीच्या पत्रीमुळे तो बहुतेकांना ओळखीचा असतो. कुर्डूचा तुरा रुपेरी-गुलाबी आणि चमकदार असतो. दोघांच्याही बेचक्यांत काटे नाहीत.

काटे पाहूनही फसवणूक होऊ शकते. काटेकोरांटीच्या बेचक्यांतही काटे असतात, पण तिची पाने समोरासमोर, फुले मोठी पिवळी आणि झाड अनेक वर्षे टिकणारे. तालिमखाना, म्हणजे कोळशिंदा, दलदलीत वाढतो, त्याच्या प्रत्येक पेराभोवती पाने आणि पिवळसर काटे गोलाकार लागतात आणि फुले निळी-जांभळी असतात. पाने एकाआड एक, बेचक्यात काट्यांची एकच जोडी आणि शेंड्याला हिरवट तुरा, या तीन खुणा एकत्र असलेले दुसरे सर्वसामान्य तण आपल्याकडे नाही.

नववी पायरी: कोवळे रोप

सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि रानभाजी खुडणाऱ्यांना नेमका तोच लागतो. अगदी कोवळ्या रोपाला काटे नसतात. बीजपत्रे अरुंद, लांबट असतात आणि त्यांची खालची बाजू बरेचदा जांभळट असते. पहिल्या खऱ्या पानाच्या टोकाला बारीक खाच दिसते. या वयात काटेमाठ आणि रानमाठ यांना वेगळे करण्याचा प्रयत्न नवख्याने करू नये. दोघांचीही कोवळी पाने खाल्ली जातात, त्यामुळे त्यांच्यात गल्लत झाल्याने धोका होत नाही.

धोका आहे तो इतर रोपांशी गल्लत होण्यात. त्याच उकिरड्यावर धोतराही उगवतो आणि तो विषारी आहे. धोतऱ्याचे पान चुरगळले की उग्र, नकोसा वास येतो. माठाच्या पानाला साधा पालेभाजीचा वास असतो. धोतऱ्याचे पान वाढू लागले की कडा वेड्यावाकड्या होतात. कामोणीचे रोपही जवळपास असते. तिच्या कोवळ्या देठावर बारीक लव असते आणि पुढे पांढरी चांदणीसारखी फुले येतात. ज्या रोपाविषयी मनात किंचितही शंका आहे ते भाजीत घालू नये. खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे तशीच दोन-तीन रोपे जागेवर ठेवून, खुणेची काडी रोवून, ती मोठी होईपर्यंत दर आठवड्याला पाहणे. एक हंगाम असे केले की पुढच्या वर्षी डोळा बसलेला असतो.

खाण्याविषयी आणि जनावरांविषयी

ज्या कारणाने काटेमाठ उकिरड्यावर फोफावतो त्याच कारणाने तिथला काटेमाठ खाऊ नये. जमिनीत नत्र जास्त असले की ही वनस्पती आपल्या पाना-देठांत नायट्रेट साठवते. माणसासाठी कोवळा पाला स्वच्छ, साध्या शेतातून घ्यावा, भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी फेकून द्यावे. त्याने नायट्रेट आणि विरघळणारी ऑक्झलेट दोन्ही कमी होतात. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी माठवर्गीय भाज्यांविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे. नाल्याकाठचा, वर्दळीच्या रस्त्यालगतचा आणि नुकतेच तणनाशक मारलेल्या बांधाचा पाला कितीही हिरवागार असला तरी खुडू नये.

जनावरे मोकळी चरताना काट्यांमुळे हे झाड बहुधा टाळतात, आणि म्हणूनच चराऊ रानात गवत खाल्ले जाते आणि काटेमाठ मागे उरून वाढतो. अडचण होते ती आपण कापून, कुट्टी करून टाकल्यावर, कारण तेव्हा जनावराला निवडता येत नाही. नायट्रेटची बाधा झालेले जनावर धापा टाकते, लडखडते, आणि त्याचे रक्त तपकिरी पडते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकांना बोलवावे. खताच्या ढिगावरचा काटेमाठ कापून गोठ्यात टाकू नये, एवढा नियम पाळला तरी बरेच टळते.

दहावी पायरी: नोंद आणि नमुना

प्रत्येक झाडाची छायाचित्रे ठरावीक क्रमाने घ्यावीत: फुटपट्टीसह पूर्ण झाड, एक बेचके अगदी जवळून, पानाचे टोक, तुऱ्याचे टोक, खालचा मादी गुच्छ आणि कागदावरचे बी. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरले तर बेचक्याचे चित्र पुरेसे स्पष्ट येते. केवळ पूर्ण झाडाचे छायाचित्र दाखवून ओळख विचारली तर जाणकारालाही निश्चित उत्तर देता येत नाही, कारण खूण बेचक्यात आहे आणि ते त्यात दिसत नाही.

नमुना वाळवायचा असेल तर मूळ, पाने आणि तुरा असलेले मध्यम आकाराचे झाड निवडावे. काटे कागद फाडतात, म्हणून वर्तमानपत्राचे चार-पाच पदर घ्यावेत, एखादे पान उलटे पसरावे म्हणजे खालच्या शिरा दिसतील, आणि वर सपाट वजन ठेवावे. पावसाळ्यात पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदलला नाही तर माठाच्या रसाळ खोडाला बुरशी धरते. वाळल्यावर झाड साधारण २८ × ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवावे आणि गळलेले बी वेगळ्या पुडीत घालून त्याच कागदाला जोडावे. चिठ्ठीवर दिनांक, ठिकाण, मातीचा प्रकार, जवळची वस्ती, झाडाची उंची, ताजेपणीचा रंग आणि ऐकलेले स्थानिक नाव लिहावे. वाळल्यावर रंग बदलतो, म्हणून तो तिथल्या तिथेच लिहिणे भाग आहे.

पुढे ओळख पक्की करून घ्यायची असल्यास जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नमुना दाखवावा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. अशा संग्रहांत काटेमाठाचा जुना, नीट वाळवलेला नमुना शेजारी ठेवून आपला नमुना ताडून पाहता आला, तर छापील वर्णनापेक्षा त्यातून अधिक शिकायला मिळते. जाताना चिठ्ठी पूर्ण भरलेली असावी, आणि त्याच जागेवर कार्तिकात पुन्हा एकदा जाऊन वाळलेल्या झाडाची बेचकी पाहून यावीत: पाने गळून गेलेली असतात, तुरे झडलेले असतात, आणि प्रत्येक पेरावर काट्यांची जोडी तेवढी उघडी उभी असते.